टिकल्या लावलेली यशोदा

छापील चित्र किती वर्षे टिकेल याचा अंदाज बांधणे आणि तो नोंदवहीत लिहिणे हे सव्वीस वर्षे माझे काम होते. बडोदे संस्थानाकडे चित्रे पुष्कळ. राजवाड्यांत, कचेऱ्यांत, शाळांत, तालुक्यांच्या वाचनालयांत भिंती भरलेल्या असत आणि विलायतेहून नव्या पेट्या येतच असत. या सगळ्यांची मोजदाद ठेवणारे एक लहानसे चित्रदप्तर होते. त्यात मी नोंदणी कारकून होतो.

त्याआधी सहा वर्षे मी एका साप्ताहिकात मुद्रिते तपासली आणि बातम्या लिहिल्या. त्या अंकांचा कागद आज हातात घेतला तर त्याचे तुकडे पडतात. मजकुराबद्दल कोणाची तक्रार नाही.

धंद्याबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगणे भाग आहे. छापील चित्र म्हणजे एकच वस्तू नव्हे. भिंग घेऊन जवळून पाहिले की जात कळते. जाळीसारखे सारख्या अंतरावर ठिपके दिसले तर ते वर्तमानपत्री ठोकळ्याचे काम. वाळूसारखे विस्कळीत कण दिसले तर शिळाछाप. चित्राभोवती कागदावर चौकोनी दाब उमटलेला असेल आणि शाई बोटाला किंचित उंच लागत असेल तर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले. कण नाहीत, ठिपके नाहीत, सगळे धुक्यासारखे एकजीव असेल तर फोटोग्राफ. फोटोग्राफातही अंड्याच्या पांढऱ्यावर काढलेला वीस-पंचवीस वर्षांत पिवळा पडतो. प्लॅटिनमचा काढला तर कागद संपेल पण चित्र संपणार नाही.

कागदाचेही तसेच. चिंध्यांपासून केलेल्या कागदाचा कोपरा ओला करून फाडला तर कडेला लांब तंतू निघतात. लाकडाच्या लगद्याचा कागद आखूड तुटतो. पहिला दोनशे वर्षे सहज काढतो. दुसऱ्याला ऊन दाखवले की आठ दिवसांत रंग बदलतो.

रंगांची परीक्षा आम्ही गच्चीवर घेत असू. रंगीत छापाची पट्टी घ्यायची, अर्ध्या भागावर पत्रा बांधायचा आणि चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत उन्हात ठेवायची. मग पत्रा काढून दोन भाग शेजारी पाहायचे. निळा बहुतेक वेळा तग धरी. किरमिजी सगळ्यात आधी जाई. देवीदेवतांच्या तसबिरींत शालू बहुधा किरमिजीच असतो, ही छापखानेवाल्यांची मोठी अडचण होती.

बडोद्यात त्या काळी घरोघर ज्या तसबिरी होत्या त्या बहुतेक एकाच जातीच्या. एकेका रंगासाठी एकेक दगड, असे दहा-बारा दगडांवरून छापायचे, वर कॅनव्हासाचा दाब द्यायचा आणि शेवटी व्हार्निश. लांबून तैलचित्र वाटावे हा हेतू. लोकांना या चकाकीची इतकी सवय झाली होती की बिनचकाकीचे चित्र त्यांना अर्धवट वाटे. एका सरदारांनी विलायतेत काढलेला आपल्या वडिलांचा प्लॅटिनमचा फोटोग्राफ आमच्याकडे पाठवला. सोबत चिठ्ठी होती: "चित्र कच्चे राहिले आहे, पक्के करून द्यावे." आम्ही कळवले की यापेक्षा पक्के चित्र संस्थानात दुसरे नाही. त्यांनी ते परत नेले आणि बाजारात व्हार्निश मारून घेतले. पुढे दोन वर्षांनी मी ते त्यांच्या दिवाणखान्यात पाहिले. वडील तांबूस झाले होते. सरदार समाधानी होते.

या दप्तरात मी जे शिकलो त्याचा मोठा भाग कासमभाई दफ्तरी यांच्याकडून. चित्रे पुठ्ठ्यावर चढवणे, उतरवणे, फाटलेले सांधणे हे त्यांचे काम. सरकारी नोकरीत येण्यापूर्वी मांडवीजवळ त्यांचे बांधणीचे दुकान होते. कागदाला सरस किती पाजला आहे हे ते जिभेने ओळखत: कागदाची कडा जिभेच्या टोकाला लावायची, चिकटली तर सरस कमी. मी भिंग आणि तराजू वापरून त्याच निष्कर्षावर येई, पण अर्ध्या तासाने. त्यांचा अंदाज चुकलेला मी सव्वीस वर्षांत तीनदा पाहिला. त्यांतल्या एका चुकीची ही हकीकत आहे.

दर शनिवारी दुपारी बाहेरच्या लोकांची चित्रे पाहून सल्ला देण्याची मुभा आम्हाला होती. अशाच एका शनिवारी दुर्गाबाई सबनीस टांग्यातून आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. यजमान सुभ्याच्या कचेरीत होते, ते वारले होते. रावपुऱ्यातल्या घरी त्या आणि त्यांची थोरली नणंद आक्का अशा दोघीच राहत. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक तसबीर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

यशोदा ताक घुसळते आहे आणि कृष्ण तिचा पदर ओढतो आहे, असे चित्र. छाप ओळखीचा होता, पण ही प्रत निराळी होती. यशोदेच्या काठपदराला खरी जर, चोळीला खणाचा तुकडा, गळ्यात मण्यांच्या माळा, नाकात मोती, कृष्णाच्या मुकुटावर आणि रवीच्या दोरीवर टिकल्या. सगळे डिंकाने चिकटवलेले, फार बारीक हाताचे काम. अशी सजवलेली चित्रे बडोद्याच्या मराठी घरांत मी शेकड्यांनी पाहिली होती. हौसेचे काम म्हणून आम्ही ती नोंदवहीत "विकृत प्रत" अशी नोंदवत असू. हा शब्द मी सुरू केला होता.

कागद मात्र मरणाला टेकला होता. आडव्या भेगा गेल्या होत्या. एका ठिकाणी तुकडा सुटून जरीला लोंबत होता.

"या टिकल्या काढाव्या लागतील," मी सांगितले. "त्यांच्या वजनाने कागद ओढला जातोय."

"काढायच्या असत्या तर लावल्या असत्या का?" दुर्गाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आमचे साहेब तेथून जात होते ते थांबले. पाच वर्षे विलायतेत राहून आलेले, चित्रांचे खरे जाणकार. त्यांनी भिंग मागितले. पदरावरची एक टिकली गळाली होती आणि त्या जागी लहानसा गोल उघडा पडला होता. आजूबाजूचा शालू विटून फिकट गुलाबी झालेला, आणि गोल मात्र काल छापल्यासारखा गर्द किरमिजी. टिकलीखाली ऊन पोचलेच नव्हते. आम्ही गच्चीवर पत्रा बांधून जे करत होतो ते या बाईंच्या घरात बत्तीस वर्षे आपोआप चालले होते.

"सगळी जर काढा," साहेब म्हणाले. "मूळ रंगांचा पूर्ण नमुना मिळेल. असा नमुना कुठल्या छापखान्याकडेही राहिलेला नाही." बाईंना ते अदबीने म्हणाले, "बाई, हे चित्र आम्हाला द्या. बदल्यात विलायती छपाईचे उत्तम चित्र काचेसह घरपोच देतो."

"त्यात आक्काला काय दिसेल?" बाईंनी विचारले.

साहेबांना अर्थ कळला नाही. मलाही नाही. मग बाईंनी सांगितले. आक्काचे डोळे जाऊन नऊ वर्षे झाली होती. ही सजावट दोघींनी मिळून केली ती दुर्गाबाई लग्न होऊन आल्या त्या उन्हाळ्यात. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या आणि आक्का नुकती विधवा होऊन माहेरी परतलेली. रोज सकाळी आंघोळ झाली की आक्का या चित्रासमोर बसे आणि जर, मणी, मोती यांवरून बोटे फिरवी. तिचे देवदर्शन ते. कागद फाटू लागल्यावर दुर्गाबाईंनी चित्र वर टांगले. आक्का दोन दिवस जेवली नाही.

"तेव्हा टिकल्यांसकट टिकेल असं काही करा," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी तशीच घेऊन जाते."

साहेब माझ्याकडे वळले. "चित्र यांचं आहे. काय करता येईल ते पाहा." असे म्हणून ते गेले. हातातला असा नमुना सोडून देणारे अधिकारी मी फारसे पाहिलेले नाहीत.

कासमभाई शेजारीच उभे होते. त्यांनी चित्र उचलून पाठ पाहिली. पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, शाई फिकी पडलेली. ती वाचून त्यांनी चित्र हळूच खाली ठेवले.

"बेन, आ तो मारो ज हाथ छे," ते म्हणाले. "हे मीच चढवलेलं."

"म्हणून तर तुमच्याकडे आणलं. चिठ्ठीवर नाव होतं."

"खळीत मोरचूद घातलं होतं मी. कसर लागू नये म्हणून."

"कसर नाही लागली हो कधी."

"कसर नाही लागली," कासमभाई म्हणाले. "मीच लागलो."

याचा खुलासा करतो. गव्हाच्या पिठाची खळ कसरीला फार आवडते. म्हणून गुजरातेतले सगळे बांधणीवाले खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकत. किडा मरतो हे खरे. पण दमट हवेत हेच मोरचूद कागद मागून जाळत जाते. वीस-पंचवीस वर्षांनी कागदावर हिरवट तपकिरी डाग येतात आणि तो भाजलेल्या पापडासारखा होतो. आमच्याच कपाटांतली चित्रे तपासताना हे माझ्या ध्यानात आले होते. मी कासमभाईंना सांगितले तेव्हा ते पंधरा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मग एके सकाळी मोरचुदाची बाटली त्यांनी गटारात रिकामी केली, एवढेच. त्यांच्या हातची किती चित्रे गावात जळत असतील, हा हिशेब आम्ही दोघांनीही कधी मोठ्याने केला नाही.

बाहेरचे काम दप्तरात करण्याची परवानगी नव्हती. कासमभाईंनी चित्र स्वतःच्या घरी नेले आणि आठ रविवार त्यावर घालवले. मी दर रविवारी जाऊन पाहत असे.

काम असे होते. पुठ्ठा आणि मोरचुदाची खळ मागून काढायची, आणि नवा कागद लावायचा. त्यासाठी चित्र पालथे घालावे लागते. पण या चित्राच्या अंगावर मणी, मोती आणि जर. सपाट फळीवर पालथे घातले असते तर प्रत्येक मणी कागद फोडून वर आला असता. म्हणूनच असे चित्र दुरुस्त होत नाही, असे मी नोंदवहीत अनेकदा लिहिले होते.

कासमभाईंनी मही नदीची बारीक रेती आणवली. ती धुतली, तव्यावर भाजून कोरडी केली, सात वेळा चाळली. लाकडी तबकात ती बोटभर उंचीची पसरली, वर जुनी मलमल अंथरली आणि चित्र तिच्यावर पालथे ठेवून तळहाताने इतके हलके दाबले की दाबले हे मला दिसले नाही, ऐकू आले. प्रत्येक मण्याखाली रेती थोडी सरली आणि तिने मण्यापुरती जागा केली. कागद सगळीकडून सारखा टेकला.

"भाऊसाहेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "नाहीतर उद्या म्हणाल, नियमात नाही."

"नियमात नाहीच," मी म्हणालो, आणि लिहून घेतले.

मग रापीने पुठ्ठा थराथराने सोलायचा. तळहाताएवढ्या जागेला दोन तास लागत. शेवटचा थर ओलसर फडक्याने मऊ करून हाडाच्या पट्टीने खरवडायचा. सहाव्या रविवारी चित्र पाठीकडून मोकळे झाले. कागद इतका पातळ आणि करपलेला होता की तो कशामुळे एकत्र आहे हे सांगणे कठीण होते. बहुधा जरीमुळे.

आता प्रश्न खळीचा. पीठ नको, कारण पिठातला चिकट अंश पुढे कडक होऊन कागद आखडवतो. मोरचूद तर नकोच. कासमभाईंनी आरारूट करून पाहिले, धरले नाही. दुर्गाबाई त्या दिवशी चौकशीला आल्या होत्या.

"चीक चालेल का?" त्यांनी विचारले. "कुरडयांचा?"

कासमभाईंना कुरडया माहीत नव्हत्या. बाईंनी सांगितले: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटायचे, फडक्यातून गाळायचे, चोथा टाकायचा, रात्रभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी ओतून टाकायचे. खाली राहतो तो चीक.

"चोथ्याबरोबर चिकट जाते?"

"सगळं जातं. राहिलं तर कुरडई फुलत नाही."

चार दिवसांनी त्या पितळी डबा घेऊन आल्या. कासमभाईंनी चीक शिजवला, दोन बोटांत ताणला, कागदाच्या चिठोऱ्याला लावून वाळवला, मग तो चिठोरा जिभेला लावला.

"बेन," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी काय शिजवत होतो?"

"मीठ घातलं असतं तर खाताही आलं असतं," बाई म्हणाल्या.

बांधणीवाले पिढ्यान् पिढ्या जी खळ शोधत होते ती प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात दर उन्हाळ्यात होत होती, आणि कोणी कोणाला विचारले नव्हते. त्यानंतर आमच्या दप्तरात चीकच वापरला जाऊ लागला. मी साहेबांना पाठवलेल्या टिपणात दुर्गाबाईंचे नाव लिहिले. "विकृत प्रत" हा शब्दही त्याच आठवड्यात नोंदवहीतून काढला. आधीच्या पानांवर तो तसाच आहे.

चिंध्यांच्या हातकागदाचे दोन थर चिकाने लावून, नवी चौकट करून, आम्ही दोघे चित्र रावपुऱ्यात पोचवायला गेलो. आक्का पाटावर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ, आवाज खणखणीत.

"कोण आलंय? मोरचूदवाला?"

"होय आक्का," कासमभाई म्हणाले. "माफी मागायला आलोय."

"माफी नंतर. चित्र दे."

चित्र त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांची बोटे रवीच्या दोरीपासून सुरू झाली, पदराच्या काठाने वर गेली, गळ्यातल्या माळा एकेक मोजल्या, मुकुटावर थांबली. कासमभाई दाराला पाठ लावून उभे होते.

"हे कडं तुझ्या हातचं, दुर्गे," आक्का म्हणाल्या. "वाकडं."

"बत्तीस वर्षं ऐकतेय मी."

"मग सरळ का नाही केलंस, कारागीर आयता मिळाला होता तर?" आणि मग कासमभाईंच्या दिशेने तोंड करून, "जागचं काही हललेलं नाही. बस आता. चहा घे."

यानंतर मला माझे काम करणे भाग होते. मी सांगितले की चित्रावर काच लावली पाहिजे, आणि कागदाला ती टेकता कामा नये. बोटांचा घाम आणि तेल रोज लागत राहिले तर नवा कागद टिकेल, चित्र टिकणार नाही. काच लावली तर शंभर वर्षे, न लावली तर वीस-पंचवीस, काही जागी त्याहून कमी. कासमभाईंनी मापाने काच कापून आणलीच होती.

"शंभर वर्षं कोणासाठी?" आक्कांनी विचारले.

माझ्या धंद्यात हा प्रश्न कोणी विचारत नसे.

"आक्का आहेत तोवर उघडं राहू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "पुढे लावा."

"ऐका!" आक्का म्हणाल्या. "मी गेले की पहिलं बोलावणं काचवाल्याला."

चार वर्षांनी मार्गशीर्षात आक्का वारल्या. कासमभाई तेव्हा निवृत्त झाले होते, पण काच त्यांनी जपून ठेवली होती. दिवसवार झाल्यावर महिन्याभराने, एका दुपारी, आम्ही दोघे ती घेऊन गेलो. न कळवता गेलो.

दार उघडेच होते. दुर्गाबाई आक्कांच्या पाटावर बसल्या होत्या, चित्र मांडीवर. त्यांनी आमच्या पावलांकडे मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"कोण?"

कासमभाईंनी नाव सांगितले. बाईंनी सांगितले की दोन वर्षांपूर्वी एक डोळा अधू झाला, शस्त्रक्रिया केली ती साधली नाही, आणि आता दुसऱ्यानेही फक्त उजेड कळतो. आक्काला त्यांनी हे शेवटपर्यंत सांगितले नव्हते.

"काच आणलीत ना?" त्या म्हणाल्या. "शब्दाला पक्के आहात." त्यांचा हात चित्रावरून उचलला गेला नव्हता.

कागदाकडे मी पाहिले. पदराच्या काठाशी तेलकट छटा धरू लागली होती आणि मुकुटाजवळ व्हार्निश घासले होते. माझे मत चार वर्षांपूर्वी होते तेच होते आणि आजही तेच आहे: त्या चित्राला काच हवी. कासमभाई माझ्याकडे पाहत होते. सल्ला देणे माझे काम होते.

"बाई," मी म्हणालो, "हात धुऊन, कोरडे करून मग लावत जा."

"तेवढं कळतं मला," दुर्गाबाई म्हणाल्या.

कासमभाईंनी काच पुन्हा चादरीत गुंडाळली.